आरसा काढून टाकल्यावर

योशिहिसा माइतानी १९५६ साली ऑलिंपस कंपनीत रुजू झाले तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचा लायका होता. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. चांगला कॅमेरा म्हणजे काय हे या पोराला कंपनीत पाऊल टाकण्याआधीच ठाऊक होतं, आणि तो लहानही असू शकतो हेसुद्धा. लायकाचा जन्मच मुळी ओझ्याच्या कंटाळ्यातून झालेला. जर्मनीत वेट्झलारला लाइट्झच्या कारखान्यात काम करणारे ऑस्कर बार्नाक दमेकरी होते. डोंगरात फिरताना काचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा वाहणं त्यांना झेपेना. सिनेमासाठी निघालेली ३५ मिलिमीटरची फिल्म त्यांनी आडवी वापरली, १९१४च्या सुमारास एक नमुना तयार केला आणि १९२५ साली तो लायका म्हणून बाजारात आला.

माइतानींना मात्र लायका बनवायचा नव्हता. त्यांना सहा हजार येनांत विकता येईल असा कॅमेरा करायचा होता. त्यांनी क्रम उलटा धरला. आधी लेन्स, आणि तीही लायकाच्या तोडीची. लेन्सनेच बहुतेक पैसे खाल्ले. उरलेल्या पैशांत बॉडी बसवायची, म्हणून फिल्म पुढे सरकवायचा खटका काढून मागच्या बाजूला अंगठ्याने फिरवायचं साधं दातेरी चाक आलं, आणि फोटोची चौकट अर्धी झाली: १८ बाय २४ मिलिमीटर. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये बहात्तर फोटो. हा आराखडा बघून कारखान्याच्या प्रमुखांनी असलं खेळणं आपण बनवणार नाही असं सांगितलं आणि सुरुवातीचे नग बाहेरच्या कारखान्यात करून घ्यावे लागले. ऑक्टोबर १९५९ मध्ये हा ‘ऑलिंपस पेन’ दुकानात आला. पेन म्हणजे लिहिण्याचं पेन, तसंच खिशाला अडकवावं असं. पेनच्या साऱ्या मालिकेचे मिळून एक कोटी सत्तर लाख नग खपले असं कंपनी सांगते. त्या जमान्यात आपल्याकडे ज्यांना परवडे ते आग्फा क्लिक-थ्री वापरत आणि एका रोलमध्ये बारा फोटो मिळत. बहात्तर फोटोंचा रोल संपवायला आपल्याकडच्या घराला दोन लग्नं लागली असती.

१९६३ साली माइतानींनी पेन-एफ काढला. लेन्स बदलता येणारा, आरशातून पाहायचा (म्हणजेच एसएलआर), तरीही अर्ध्या चौकटीचा. एसएलआर कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं टेंगूळ त्यांनी घालवलं, कारण आरसा वर न उचलता बाजूला वळेल अशी रचना केली आणि प्रकाश आडव्या वाटेने नजरेपर्यंत आणला. झडप (शटर) धातूची आणि गोल फिरणारी. आज हा कॅमेरा हातात घेतला तरी त्याच्या सपाट माथ्याकडे बघून हा एसएलआर आहे हे पटत नाही.

लहान कॅमेऱ्यांची ही हौस पुढे पेंटॅक्स कंपनीने टोकाला नेली. कोडॅकने १९७२ साली ११० क्रमांकाची काडतूसवजा फिल्म काढली होती; ती घालायची आणि फोटो काढत सुटायचं, रोल चढवण्याची कटकट नाही. चौकट फक्त १३ बाय १७ मिलिमीटर. या फिल्मवर चालणारे बहुतेक कॅमेरे स्वस्त प्लास्टिकचे होते. पेंटॅक्सने १९७८-७९ मध्ये तिच्यासाठी चक्क एसएलआर बनवला, ‘ऑटो ११०’. आरसा, प्रिझम, १८, २४ आणि ५० मिलिमीटरच्या तीन लेन्स, फिल्म पुढे ढकलणारी मोटर, फ्लॅश, सगळा संसार, आणि तो एका लहानशा पेटीत मावणारा. झडप आणि प्रकाशाचं छिद्र दोन्ही बॉडीतच बसवल्यामुळे लेन्स निव्वळ काच आणि नळी एवढ्याच उरल्या. त्या सगळ्या एफ/२.८, कारण छिद्र एकच. ही हिशेबी हुशारी मला पेन-एफपेक्षाही अधिक गमतीची वाटते. अडचण फिल्मची होती. एवढ्या इवल्याशा चौकटीतून मोठा फोटो छापला की दाणे दिसू लागत.

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा लहान कॅमेऱ्यांची ही परंपरा जवळपास विसरली गेली. छोटे कॅमेरे होते, पण त्यांची लेन्स कायमची चिकटवलेली आणि सेन्सर नखाएवढा. लेन्स बदलायची असेल तर डिजिटल एसएलआर घ्या, आणि तो फिल्मच्या एसएलआरपेक्षा जाडजूड. जाडीचं मूळ कारण आरसा. लेन्समागे पंचेचाळीस अंशांत आरसा उभा करायचा, फोटोच्या क्षणी तो उचलायचा, म्हणजे लेन्स आणि सेन्सर यांच्यात तेवढी पोकळी ठेवणं आलं. निकॉनच्या माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या कडीत) हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ४४. ही पोकळी बॉडी तर फुगवतेच, शिवाय रुंद कोनाच्या लेन्सलाही उलटी कसरत करायला लावते: लेन्स जवळ येऊ शकत नाही म्हणून तिच्यात जास्तीच्या काचा घालाव्या लागतात.

ऑलिंपसने कोडॅकच्या साथीने फोर थर्ड्स नावाचा नवा घाट घातला. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे योगायोगाने ११० फिल्मच्या चौकटीएवढाच. २००३ साली त्यावर पहिला कॅमेरा ई-१ आला. सेन्सर लहान, पण आरसा कायम. त्यामुळे कॅमेरा काही खऱ्या अर्थाने लहान झाला नाही, आणि लोकांनी विचारलं की मग लहान सेन्सर घेऊन मिळवलं काय? प्रश्न रास्त होता. ऑलिंपसला त्याचं उत्तर द्यायला पाच वर्षं लागली.

५ ऑगस्ट २००८ रोजी ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी मिळून मायक्रो फोर थर्ड्सची घोषणा केली. सेन्सर तोच, आरसा मात्र बाद. लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर ३८.६७ मिलिमीटरवरून जवळपास निम्म्यावर आलं. आरसा नाही म्हणजे डोळ्याने पाहायचं ते सेन्सरनेच दाखवायचं, पडद्यावर नाहीतर डोळ्याला लावायच्या इवल्या इलेक्ट्रॉनिक खिडकीत. सेन्सर भराभर वाचता येऊ लागला, पडदे सुधारले आणि फोकस सेन्सरच्या चित्रावरूनच पुरेसा चटकन साधता येऊ लागला, म्हणून हे आता जमलं. आरशाशिवायचा, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा आधी कोणी काढलाच नव्हता असं नाही; २००४ साली घड्याळं आणि प्रिंटरवाल्या एप्सनने कोसिना कंपनीकडून आर-डी१ करून घेतला होता आणि २००६ मध्ये लायकाचा एम८ आला. पण ते फोकस हाताने करणाऱ्या रसिकांचे महागडे शौक होते. सप्टेंबर २००८ मध्ये जाहीर झालेला पॅनासोनिकचा जी१ हा बाकीच्यांसाठी होता. तो काळ्याबरोबर लाल आणि निळ्या रंगातही मिळे. दिसायला मात्र तो आक्रसलेला एसएलआरच वाटे. डोक्यावरचं टेंगूळ गरज नसताना तसंच ठेवलेलं. बिनआरशाचा कॅमेरा कसा दिसावा हे अजून कोणाला सुचलं नव्हतं.

ते माइतानींच्या कंपनीला सुचलं, किंवा आठवलं म्हणा. १६ जून २००९ रोजी, पेनच्या पन्नासाव्या वर्षी, ऑलिंपसने ई-पी१ काढला आणि नाव ठेवलं ‘पेन’. सपाट माथा, धातूचं अंग, डोळा लावायची खिडकी नाही, फ्लॅशही नाही, वजन ३३५ ग्रॅम. सोबतची १७ मिलिमीटरची लेन्स चपटी, भाकरीसारखी. छायाचित्रकार त्यावर तुटून पडले आणि तक्रारीही केल्या, मुख्यतः फोकस मंद असल्याच्या. तक्रारी खऱ्या होत्या. माइतानी त्याच वर्षी ३० जुलैला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी वारले.

त्यानंतर दोन वर्षं नुसती झुंबड होती. सप्टेंबर २००९ मध्ये पॅनासोनिकचा जीएफ१ आणि त्याची २० मिलिमीटर एफ/१.७ लेन्स आली. ही लेन्स पुढे बॉडीपेक्षा जास्त नावाजली. रिकोने जीएक्सआरमध्ये सेन्सर आणि लेन्स एकाच डब्यात बंद करून तो अख्खा डबाच बदलण्याचा उपाय केला, जो कुणालाच फारसा रुचला नाही. सॅमसंग आलं. मे २०१० मध्ये सोनीने एनईएक्स-५ काढला: एसएलआरएवढाच मोठा सेन्सर आणि बॉडीचं वजन २२९ ग्रॅम. बॉडी इतकी पातळ की माउंटची कडी तिच्या वरखाली डोकावते. पण सोबतची १८-५५ झूम लावली की दिसे ते लेन्सच्या बुडाला चिकटवलेलं एक पान. सोनीचं कौशल्य दांडगं, तरी तिथेच एक गोष्ट उघडी पडली: बॉडी कितीही कापा, लेन्स सेन्सरच्या मापाचीच होते. मोठ्या सेन्सरवर प्रकाश पसरवायचा तर काच मोठी लागणार, तिथे कारखान्याची इच्छा चालत नाही.

मग खरोखर लहान व्हायचं असेल तर सेन्सरच लहान हवा. पेंटॅक्सने हा विचार न लाजता शेवटपर्यंत नेला. २३ जून २०११ रोजी आलेल्या ‘पेंटॅक्स क्यू’चं माप ९८ बाय ५७ बाय ३१ मिलिमीटर होतं आणि बॅटरी-कार्डासह वजन २०० ग्रॅम. लांबी-उंचीत तो जुन्या ऑटो ११०च्याच मापाचा. अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, पुढच्या बाजूला मनाजोगा परिणाम निवडायची चकती, आणि फ्लॅश असा की कळ दाबली की तो लांब हातावर बाहेर झेप घेई. सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, खिशातल्या कुठल्याही साध्या कॅमेऱ्यात असतो तेवढाच.

इथेच वाद पेटला. जो सेन्सर चौथाई किमतीच्या कॅमेऱ्यात मिळतो त्यासाठी लेन्ससह ८०० डॉलर का मोजायचे? ज्यांनी आकडे पाहिले त्यांनी क्यूला हसून बाजूला ठेवलं. ज्यांनी तो हातात घेतला त्यांतले बरेच जण त्याच्या प्रेमात पडले. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं. क्यू हा पेंटॅक्सचा गंभीर विनोद होता. लेन्सना अनुक्रमांक दिलेले: ०१ ही ८.५ मिलिमीटर एफ/१.९ची नेहमीची लेन्स, ०२ झूम, ०३ माशाच्या डोळ्याची, ०४ आणि ०५ अधिकृतपणे ‘खेळण्यातल्या’, प्लास्टिकच्या धुरकट मौजेच्या. पुढे ०७ आली ती तर बॉडीचं तोंड झाकायच्या झाकणातच बसवलेली लेन्स, वजन आठ ग्रॅम. चांगल्या लेन्समध्ये झडप लेन्सच्याच आत होती, त्यामुळे उन्हातसुद्धा फ्लॅश वेगवान झडपेसह चाले. ही सोय मोठ्या मोठ्या एसएलआरना नव्हती. लेन्सचं छिद्र एफ/८च्या पलीकडे मिटतच नसे, कारण इतक्या लहान सेन्सरवर त्याहून बारीक छिद्रातून येणारा प्रकाश विखुरतो आणि चित्र मऊ पडतं. पेंटॅक्सला आपल्या मर्यादा पुरत्या माहीत होत्या.

आणि मग एक गंमत झाली, जी जाहिरातीत कुठे नव्हती. सेन्सर लहान म्हणजे लेन्सचा पल्ला वाढतो. पेंटॅक्सने एसएलआरच्या लेन्स क्यूवर लावायचा अ‍ॅडॅप्टर काढला, त्यातही झडप घातली. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की ३५ मिलिमीटरच्या हिशेबाने ती १६०० मिलिमीटरच्याही पुढे पोहोचे. पक्षी टिपणारे आणि चंद्राचे खड्डे मोजणारे लोक भल्यामोठ्या नळीच्या टोकाला हा चिमुकला कॅमेरा लटकवू लागले. खिशासाठी जन्मलेला कॅमेरा शेवटी तिवईवर चढला.

क्यू आल्यावर आठ दिवसांनीच, १ जुलैला, पेंटॅक्सची तेव्हाची मालक कंपनी होया हा कॅमेरा व्यवसाय रिकोला विकत असल्याचं जाहीर झालं. नव्या मालकाने क्यू बंद केला नाही. २०१२ मध्ये क्यू१० आला, शंभर रंगसंगतींत मागवता येणारा. २०१३ मध्ये क्यू७, थोडा मोठा सेन्सर आणि एकशेवीस रंगसंगती. जपानमध्ये इव्हॅन्जेलियन या ॲनिमे मालिकेतल्या पात्रांच्या रंगात क्यू१० विकला गेला. रंग वाढत गेले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दरम्यान ऑलिंपसवर वेगळंच संकट कोसळलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने आपले ब्रिटिश प्रमुख मायकेल वुडफर्ड यांना काढून टाकलं, कारण त्यांनी जुने तोटे दडवण्यासाठी केलेल्या व्यवहारांवर बोट ठेवलं होतं. आरोप खरे निघाले. पुढच्या वर्षी सोनीने ऑलिंपसमध्ये पैसा घातला. त्याआधी, २०११च्याच सप्टेंबरमध्ये, निकॉनने एक इंची सेन्सरचे निकॉन-१ कॅमेरे आणले होते, फोकसच्या बाबतीत त्या वेळच्या बिनआरशाच्या सगळ्यांपेक्षा चपळ. वर्षभराने कॅननचा ईओएस एम आला, उशिरा आणि मंद.

या साऱ्या शर्यतीचा कळस माझ्या मते ऑक्टोबर २०१३ मध्ये गाठला गेला. पॅनासोनिकच्या जीएम१चं माप ९८.५ बाय ५४.९ बाय ३०.४ मिलिमीटर आणि बॅटरी-कार्डासह वजन २०४ ग्रॅम. वर दिलेली क्यूची मापं पुन्हा पाहा, जवळपास तीच. आणि सेन्सर? क्यूपेक्षा क्षेत्रफळाने आठपट, पूर्ण मायक्रो फोर थर्ड्सचा. हे कसं साधलं? पॅनासोनिकने झडपच नव्याने बनवली. नेहमीची झडप स्प्रिंगच्या ताणावर चालते, तिला जागा लागते. इथे लहानशी स्टेपिंग मोटर झडपेचा पडदा हलवत होती आणि फोटोची सुरुवात सेन्सर स्वतःच विजेवर करी. किंमत चुकवावी लागलीच. या झडपेचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापुढे जाईना. त्याहून जलद हवं तर झडप बाजूला ठेवून सेन्सरलाच काम करू द्यायचं. फ्लॅश तर पन्नासाव्या भागाहून वेगात चालेना. बोटं जाड असतील त्यांनी मागच्या चकतीच्या वाटेला जाऊ नये.

सोबतची १२-३२ झूम सत्तर ग्रॅमची होती आणि तिचा व्यास ५५.५ मिलिमीटर. बॉडीची उंची ५४.९. म्हणजे लेन्स बॉडीपेक्षा उंच! जाड लेन्स लावून हा कॅमेरा तिवईवर ठेवायला गेलं की लेन्सच आधी टेकायची. २००८ साली कागदावर आखलेल्या माउंटच्या वर्तुळाला बॉडी येऊन भिडली होती. त्याहून लहान होणं अवघड नव्हे, व्यर्थ होतं. २०१४ मध्ये जीएम५ आला, डोळा लावायच्या खिडकीसह २११ ग्रॅमचा, आणि त्याच वर्षी सॅमसंगचा एक इंची सेन्सरवाला एनएक्स मिनी, १५८ ग्रॅमचा. पेंटॅक्सनेही ऑगस्टमध्ये क्यू-एस१ काढला. तोच त्याचा शेवटचा.

जीएम५नंतर पॅनासोनिकने त्या मालिकेत काही काढलं नाही. सॅमसंगने कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतलं. निकॉन-१ २०१८ मध्ये बंद झाला. ऑलिंपसने २०२०च्या जूनमध्ये आपला अख्खा कॅमेरा व्यवसाय एका गुंतवणूक कंपनीला द्यायचं ठरवलं.

याचं कारण विचारलं की सगळे मोबाइलकडे बोट दाखवतात. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. जपानी उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या मोजणीनुसार २०१० साली जगात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२० साली एक कोटीही नाहीत. पण ही पडझड मुख्यतः चिकटलेल्या लेन्सच्या साध्या कॅमेऱ्यांची होती. लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यांचा उच्चांक २०१२चा, सुमारे दोन कोटींचा, आणि त्यांची घसरण पुष्कळच संथ झाली. तेव्हा मोबाइलने खाल्लं हे खरं, तरी या छोट्यांना आधी त्यांच्या मालकांनीच चुकीच्या गिऱ्हाइकासमोर मांडलं असं माझं मत आहे. मोबाइलला कंटाळलेला, पण कॅमेऱ्याची भीती वाटणारा नवखा माणूस त्यांनी डोळ्यांसमोर धरला. म्हणून बटणं कमी झाली, खिडकी गेली, रंग वाढले, पेटीत एक झूम घातली. असा माणूस दुसरी लेन्स घेत नाही. आणि जो दुसरी लेन्स घेत नाही त्याला लेन्स बदलणारा कॅमेरा कशाला हवा? त्याला मोबाइल पुरतो, आणि पुढे पुरलाच. ज्याला लहान कॅमेरा मनापासून हवा होता, तो जुना छायाचित्रकार, गळ्यातल्या दीड-दोन किलोला वैतागलेला, त्याच्यासाठी जीएम५सारखा एखादाच कॅमेरा निघाला आणि तोही उशिरा. माइतानींनी सहा हजार येनांच्या कॅमेऱ्यातही काटकसर लेन्सवर केली नव्हती. पन्नास वर्षांनी त्यांचं नाव घेणाऱ्या उद्योगाने त्यांच्याकडून आकार उचलला, क्रम उचलला नाही.

क्यूच्या माउंटला ०८नंतर नवी लेन्स मिळाली नाही. मायक्रो फोर थर्ड्सचं तसं झालं नाही. बॉड्या जाड झाल्या, पण लेन्स अजून बनतात आणि त्या जीएम१वर बसतात. तेव्हा जुन्या बाजारात तुम्हाला एखादा जीएम१ धड अवस्थेत दिसला तर घ्या, पण सोबतच्या झूमवर थांबू नका. २० मिलिमीटर एफ/१.७ शोधा आणि ती लावून संध्याकाळच्या उजेडात बाहेर पडा. एक जास्तीची बॅटरी खिशात असू द्या, हा कॅमेरा ती भराभर संपवतो.